इच्चू घातलेलं पायताण

सोन्याचं नव्हतं. सांगा तुमच्या मामाला, पायताण सोन्याचं नव्हतं. सोनं घालून कोण चालतंय? चार पावलात सालटी निघतील. काल आला, पोरास्नी काहीबाही सांगून गेला, म्हणं राजानं सोन्याचं पायताण घातलं आन् त्येचा पाय बरा झाला. तालुक्याला बुटाचं दुकान टाकलं म्हंजी पायाचं सगळं कळाय लागलं व्हय त्येला? ही गोष्ट मला माझ्या आजीनं सांगितली, तिला तिच्या आजीनं. त्यात सोनं कुठंच न्हाय. कातडं व्हतं. बाभळीच्या सालीत मुरवलेलं, हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कातडं. आन् त्या कातड्यात इच्चू व्हता.

व्हय, इच्चू. पडा गप. रघ्या, तिच्या अंगावरचा पाय काढ. धने, त्येनं पाय काढलाय, आता चिमटा काढू नको. मामानं सांगितलेलं सगळं इसरा आन् ऐका.

एका मुलखात रायाजी नावाचा राजा व्हता. माणूस वाईट नव्हता, बरं का. पण भडकायचा. एकदा भडकला म्हंजी समोरच्याचं अर्धंच बोलणं त्येच्या कानात शिरायचं. बाकीचं अर्धं भाईरच ऱ्हायाचं.

त्या मुलखात एक चाल व्हती. कुणीबी दारात येऊ दे, सावकार येऊ दे न्हायतर भिकारी, पयलं तांब्याभर पाणी त्येच्या पायावर. नाव-गाव मागनं. माणूस लांबनं आलेला असतोय, पाय पोळलेले असत्यात, काटा मोडलेला असतोय. तो पाय गार झाल्याबिगर माणूस खरं बोलत न्हाय, असं ती लोकं मानायची. म्हणून हर एक दारात घंगाळ भरलेलं. राजाच्या दारातबी व्हतं, चांगलं तांब्याचं.

मग काय झालं, राजानं राजवाड्यात नवी फरशी घातली. पांढरी, दुधासारखी. तिच्यावर चिखलाचं एक पाऊल पडलं आन् राजा भडकला. म्हणला, ते घंगाळ उचला. चिखलाचा पाय आन् पाण्याचा थेंब, दोन्ही नको मला दारात.

उचललं घंगाळ.

मग एक म्हातारी आली. डोक्यावर शेणीची, गोवऱ्यांची पाटी. तिच्या टाचा कशा, तर वैशाखातलं रान. अशा भेगा, की मुंगी आत गेली तर भाईर याला तिला सांज व्हावी. तिनं भाकरी मागितली न्हाय, कापड मागितलं न्हाय. शिपायाला म्हणली, लेकरा, पायावर जरा पाणी घाल, मला अजून लांब जायाचंय. शिपाई म्हणला, हुकूम न्हाय.

मी असतो तर भांडलो असतो. म्हातारी भांडली न्हाय. ती म्हणली,

"बरं बाबा. मग ह्या भेगा हितं ठेवून जाते. लई वज्जं झालंय. माघारी येताना पाणी मिळालं तर घेऊन जाईन."

आन् तिनं उंबऱ्यावर एक टाच घासली. मग दुसरी घासली. आन् चालाय लागली. पाय कसे, तर कालच जन्मलेल्या लेकराचे असत्यात तसे, गुलाबी. भेगा ऱ्हायल्या उंबऱ्यावर. शिपायाला वाटलं, दगूड तडकला. त्येनं कुणाला सांगितलं न्हाय. कशाला सांगतोय, दगूड कसा तडकला म्हणून राजानं त्येलाच धरला असता.

दुपारी राजा भाईर निघाला. उंबऱ्यावर पाय पडला आन् टचकन आवाज झाला. बघतोय तर टाचेला चीर. दुसऱ्या दिवशी दुसरी. आठ दिवसात दोन्ही तळपाय फुटले. रगत याला लागलं. चादर घासली तरी ओरडायचा.

मग पयलं वैद्य आला. त्येनं एकवीस पाल्यांचा लेप लावला. लेप वाळला, तडकला, आन् त्येच्या बरुबर भेगाबी वाढल्या. मग परदेशातनं मखमलीची मोजडी आली, आत कापूस भरलेली. राजानं पाय घातला आन् सगळा कापूस भेगात जाऊन बसला. चिमट्यानं काढताना तिघास्नी लाथा बसल्या. मग ठरलं, राजानं जमिनीला पायच लावायचा न्हाय. पालखीत बसायचं, पालखीतच जेवायचं.

तरी वाढल्या. का वाढल्या सांगा? न्हाय सांगता यायचं. आवो, त्या राजाच्या भेगाच नव्हत्या. त्या म्हातारीच्या. म्हातारी तिकडं डोंगर चढत व्हती, काटं तुडवत व्हती, तिला काय व्हत नव्हतं. तिचं चालणं हितं राजाच्या टाचेत उमटत व्हतं. ती चालंल तेवढं ह्येचं फुटंल. ही गोम कुणालाच ठाऊक नव्हती.

शेवटी परधान म्हणला, म्हाराज, आपल्या डोंगरात एक माणूस हाय, सिद्राम म्हणून. पायताण बांधतो. त्येचं कातडं पायाला थंडावा देतंय. बोलवू का? राजा म्हणला, बोलव, आन् न्हाय जमलं तर तुझं बघतो.

हा सिद्राम म्हंजी गरीब माणूस. बोलायचा कमी. जे काय बोलायचं ते कातड्याबरुबर. तो कातडं कापायचा, शिवायचा, आन् त्येची बायकू कोंडाबाई वरच्या पट्ट्याची वेणी घालायची, चामड्याच्या बारीक वादीची. कातडं कमावून कमावून सिद्रामचे हात फुटलेले असायचे. आन् कोंडाबाईचे पाय. का? तर सगळ्या मुलखाला पायताण बांधणाऱ्या घरात तिला पायताण नव्हतं. आधी गिऱ्हाईक, आधी पाटील, आधी कुणाच्या लग्नातला नवरदेव. असं करत करत वीस वर्सं गेली. तिनंबी कधी मागितलं न्हाय, त्येलाबी कधी सुचलं न्हाय. असतंय असं घरात.

सिद्राम आला, राजाचा पाय दोऱ्यानं मोजला आन् गेला. बारा दिवस दोघं खपली. असं पायताण बांधलं म्हणता, लोण्यासारखं आत आन् ढालीसारखं खाली. मग राजाचं पायताण फडक्यात बांधून डोक्यावर घेतलं आन् सिद्राम निघाला. त्येचं सोताचं पायताण कुठं? काखेत. त्या वेळची लोकं रस्त्यानं पायताण घालत नव्हती, झिजतंय म्हणून. अनवाणी चालायचं, वेस आली की वढ्यात पाय धुवायचे, मग घालायचं, जरा ऐटीत गावात शिरायचं. आन् दरबाराच्या दारात परत काढायचं. म्हंजी त्या पायताणाचं सगळं चालणं वेशीपासनं दरबारापतूर. आठ वर्सं नवं ऱ्हायचं.

गेला आत. पायताण ठेवलं पुढ्यात. राजानं बघितलं, खूश झाला. म्हणला, झ्याक दिसतंय. वेगळं काय केलंयस ह्यात?

सिद्राम आयुष्यात पयल्यांदा फुशारून बोलला.

"इच्चू घातलाय म्हाराज. दोन्हीत एक एक. लई जोरदार हायत."

आता इच्चू म्हंजी काय ते ऐका. मोठ्या माणसाचं पायताण वाजलं पायजे. करकर करकर. लांबनं कळलं पायजे, कोण येतंय. म्हणून तळाच्या दोन पदरांच्या मधी एक बारकासा कडक तुकडा बसवत्यात. पाऊल पडलं की तो पदराला घासतोय आन् कर्र म्हणतोय. पायताण बांधणारी माणसं त्या तुकड्याला इच्चू म्हणत्यात. झालं, येवढंच. मामाला इचारा, त्येला हे ठाऊक नसणार.

पण राजा लहानपणापासनं मखमलीच्या मोजडीतला. त्येला काय ठाऊक. इच्चू म्हणल्यावर त्येच्या डोळ्याफुडं नांगीच उभी ऱ्हायली. आधीच फुटलेला पाय, त्यात इच्चू, त्योबी जोरदार. भडकला. सिद्राम तोंड उघडतोय तंवर दोघांनी त्येचं तोंड दाबलं. राजा म्हणला, तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला की कड्यावरनं ढकला ह्येला.

आन् खरं सांगू? दरबारातली निम्मी माणसं खेड्यातली. इच्चू म्हंजी काय ते त्यास्नी सगळ्यास्नी ठाऊक. परधानाच्या सोताच्या पायताणात इच्चू व्हता. पण बोललं कोण? कुणीच न्हाय. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बोलंल. अशी माणसं बघितली की माझं डोस्कं फिरतंय.

पायताणाला हात कोण लावणार? चिमट्यानं धरून अंगणात नेलं, त्येच्यावर टोपली पालथी घातली, टोपलीवर धोंडा ठेवला, आन् राखायला भालेवाला उभा केला. पायताण राखायला भाला. हसू नका, आजून गोष्ट हाय.

कोंडाबाईला दुसऱ्या दिवशी कळलं. ती तशीच उठली. चुलीवरचं कालवण तसंच. जाताना फळीवरनं कोकमाच्या तेलाचा येवढासा गोळा पानात बांधून कमरेला खोचला. कोठडीत आपल्या माणसाचे फुटलेले हात आजून फुटले असतील, निदान तेवढं तरी लावावं, असा तिचा इचार. आन् चालली. एक डोंगर उतरली, दुसरा उतरली, तिसऱ्याला काटा मोडला तो काढाय थांबली न्हाय. पोचली तर तिसरा दिवस, तांबडं फुटलेलं, आन् सिद्रामला कड्याच्या वाटंनं घेऊन चाललेले. कडा तिथनं दिसायचा, पण वाट वळणावळणाची, चढाची.

राजा अंगणात पालखीत बसला व्हता. कोंडाबाई रडली न्हाय. तिनं इचारलं, इच्चू कुठं हायत? राजानं टोपलीकडं बोट केलं. ती गेली, धोंडा ढकलला, टोपली उचलली. भालेवाला चार पावलं मागं. आन् तिनं ते पायताण पायात घातलं.

वीस वर्सात पयल्यांदा बरं का. सगळ्या मुलखाचं पायताण तिच्या हाताखालनं गेलं, पण त्यात तिचा पाय पयल्यांदा गेला. तिला लई मोठं व्हत व्हतं. ती चालली. करकर. करकर. अंगणाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतूर गेली, माघारी आली, पायताण काढलं, राजाच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्यो इच्चू. चावत न्हाय, बोलतोय. माझ्या मालकाला तेवढं बोलू दिलं असतं तर त्येनंच सांगितलं असतं."

राजानं पायताणाकडं बघितलं न्हाय. त्येनं तिच्या टाचा बघितल्या. मग सोताच्या बघितल्या. सारख्याच व्हत्या. त्येला तोपतूर वाटायचं, असलं दुखणं जगात एकट्या राजाला झालंय.

मग राजानं पायताण पायात घातलं. पायाला गार वाटलं. उभा ऱ्हायला, पाऊल टाकलं. कर्र. दुसरं टाकलं. कर्र. राजाला वाटलं, पायताण सांगतंय, कर. कर. त्येनं इचारलं, काय करू? पायताण म्हणलं, कर.

परधान म्हणला, म्हाराज, होम करा. दुसरा म्हणला, शेजारच्या राजावर चाल करा. तिसरा म्हणला, दुसरं लगीन करा. असल्या गावगप्पा चाललेल्या आन् तिकडं डोंगरामागनं सूर्याची कड वर आली. कोंडाबाई म्हणली, म्हाराज, पयलं माझ्या माणसाला उतरवा, मग करा काय करायचं ते.

राजा वरडला, थांबा. पण कडा लांब, वारं उलटं. कड्यावर कुणाला ऐकू जाईना. घोडा आणा म्हणला, घोडा सकाळचा पाण्याला नेलेला. राजानं शिपायाला बोट केलं, तू पळ. शिपाई चार पावलं पळतोय न पळतोय तर राजाच्या पायाखाली परत कर्र. राजानं पायाकडं बघितलं.

मग राजाच पळाला.

पंधरा दिवसाच्या वर पालखीत बसलेला माणूस, फुटलेले पाय, आन् चढाची वाट. रगत आलं, पळाला. तोल गेला, हात टेकला, पळाला. दम लागला, वरडायला तोंडातनं आवाज निघंना, तरी पळाला. आन् खाली पायात करकर करकर करकर. डोंगराला आवाज घुमला. कड्यावर शिपायांनी सिद्रामला दोरानं बांधून कडंला आणलेलं. हातभर अंतर ऱ्हायलेलं. तेवढ्यात त्यास्नी मागनं आवाज आला. येवढं मोठं पायताण कुणाचं वाजतंय, कोण मोठा माणूस येतोय, म्हणून सगळे मागं वळले. वाटच बघत ऱ्हायले. मखमलीच्या मोजडीत राजा आला असता तर कुणाला कळलंच नसतं. सिद्रामनं बसवलेल्या इच्चूनं सिद्रामला वाचवलं.

राजानं सोताच्या हातानं दोर सोडला. सिद्राम पयलं काय म्हणला माहीत हाय? म्हणला, म्हाराज, डाव्या पायाचा अंगठा जरा घट्ट झालाय, सैल करून देतो. असा माणूस.

दोघं खाली आले. कोंडाबाई उंबऱ्याच्या भाईर तशीच उभी. आत कुणी बोलावलं नव्हतं, चिखलाचे पाय. राजा फरशीवर चढला, चिखल, रगत, सगळं त्या दुधावर उमटलं. पायाखाली परत कर्र. राजा वळला. तिच्याकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं, आन् घंगाळ असायचं त्या मोकळ्या जागंकडं बघितलं. त्येला आपली आई आठवली. ती राणी असून दारात आलेल्याच्या पायावर सोता पाणी घालायची.

त्येनं कुणाला हुकूम केला न्हाय. आत गेला, घंगाळ वढत आणलं, पाण्यानं भरलं, तांब्या बुडवला, आन् कोंडाबाईच्या पायावर पाणी घातलं. एक तांब्या. दोन तांबे. तीन तांबे. तिचा काटा दिसला, तो नखानं काढला. ती लई अवघडली. नको म्हाराज म्हणत ऱ्हायली. राजा म्हणला, गप उभी ऱ्हा बाई.

ते पाणी उंबऱ्यावरनं वाहिलं आन् त्यातल्या भेगा वल्या झाल्या. तेवढ्यात ती म्हातारी आली. माघारी निघालेली. शेणीची पाटी रिकामी. तिनं इचारलं, आता मिळंल का पाणी? राजानं तिच्याबी पायावर घातलं. मग तिनं उंबऱ्यावर टाचा टेकल्या, आन् भेगा सुरसुर सुरसुर तिच्या पायात चढल्या. इकडं राजाचे पाय साफ. जशे व्हते तशे.

तवा कुठं राजाला सगळं कळलं. त्येला लई वाईट वाटलं. म्हणला, आजी, ऱ्हाऊ दे माझ्याकडं, म्हाताऱ्या पायावर कशाला घेतीस?

"का म्हणून? माझ्या हायत्या त्या. ही भेग लेकीच्या गावाला गेली त्येची, ही पाण्याच्या वाटंची, ही मालकाला वैद्याकडं नेलं त्या दिसाची. ह्या देऊन टाकल्या तर मी चाललेच न्हाय म्हणायचं. त्येंचं दुखणं तेवढं काढ बाबा."

दुखणं कशानं काढायचं? कोंडाबाईनं कमरेचा गोळा काढला. जाळावर वाटीत पातळ केला. राजा खाली बसला. म्हातारीची टाच मांडीवर घेतली आन् भेगंभेगंतनं तेल भरलं, सावकाश, अंगठ्यानं. म्हातारीनं डोळे मिटले. मग सिद्रामनं इचारल्याबिगर वाटी उचलली, बायकूच्या पुढ्यात बसला आन् तिच्या टाचंला हात लावला. वीस वर्सात पयल्यांदा त्येनं ती टाच बघितली. सगळ्या मुलखाच्या पायाचं माप त्येला पाठ, हिचं नव्हतं. मान खाली घालून तेल भरत ऱ्हायला. तिनं त्येच्या डोक्यावर हात ठेवला, तवा वर बघितलं.

मग तिचं पायताण झालं, इच्चूसकट. ती ते काखेत धरून चालायची आन् वेशीत घालायची, सवय कुठं जातीय. घंगाळ परत दारात बसलं. फरशी काळी पडली ती पडली. राजा भडकायचा थांबला का? न्हाय. पण समोरच्याचं पुरतं ऐकून मग भडकायचा. आन् ती सगळी खाऊन पिऊन, पाय पसरून, सुखानं झोपाय लागली.

झाली गोष्ट. आता तुमीबी झोपणार. पण थांबा. तुमची आई सकाळधरनं रानात चिखलात उभी व्हती, आन् आत आजून भांडी घासतीय. तिच्या टाचा कधी बघितल्यात? न्हाय बघितल्या, मला ठाऊक हाय. चुलीच्या कडंला वाटीत तेल कोमट करून ठेवलंय. एक टाच रघ्याची, एक धनीची. ती नको म्हणंल, ऐकायचं न्हाय. उठा. लावून या, मग झोपा.